नोंदणी केली नाही म्हणून संहिता फुकटची होत नाही

शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी सुरू झाली की बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "कॉपीराइट नोंदवलेला नसेल तर देखाव्याचे संवाद कुणीही वापरावेत. लेखकाला पैसे दिले की संहिता मंडळाची. हक्क हवाच असेल तर लेखकाने स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवावी." हे वाचून लिहिणारी पोरं गप्प बसतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

नोंदणी नाही तर हक्क नाही, हे साफ चूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. संवाद वहीत उतरला किंवा मोबाइलवर टाइप झाला की हक्क लागू. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. नोंदणीचा उपयोग कोर्टात, प्रथमदर्शनी (म्हणजे उलटं सिद्ध होईपर्यंत ग्राह्य) पुरावा म्हणून. साहित्यकृतीला फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. कायदा केंद्राचा, त्यामुळे कर्नाटकातल्या निपाणीला आणि महाराष्ट्रातल्या कागलला नियम एकच.

खरा घोळ पैशाचा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. लोक तोच नियम लिखाणाला लावतात. पण तो लिखाणाला लागत नाही, आणि लेखक मंडळाचा नोकरही नसतो. त्याने सही करून लेखी हक्क दिल्याशिवाय संहिता त्याचीच राहते. लेखी दिलं पण मुदत घातली नाही, तर ती पाच वर्षांची धरतात. स्टुडिओत रेकॉर्ड केलेला संवादांचा ट्रॅक मंडळाचा असेल, त्यातले शब्द लेखकाचे.

"कुणीही वापरावेत" यात थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. हौशी संस्थेने विनातिकीट प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर कायदा सूट देतो. पण ती सूट प्रयोगापुरती. पेन ड्राइव्हवर ट्रॅकची कॉपी करून दुसऱ्या गल्लीला देणं किंवा यूट्यूबवर चढवणं तिच्यात बसत नाही. अफजलखान भेटीचा प्रसंग मात्र कुणाच्याही मालकीचा नाही. कल्पनेला कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केलंय.

रजिस्टर पोस्टाच्या पाकिटाला कायद्यात काहीच स्थान नाही. त्यापेक्षा तारखेसह कच्चे खर्डे आणि मंडळाला पाठवलेला मूळ मेसेज जपा. संहिता देतानाच कागदावर लिहून घ्या: "यंदाच्या देखाव्यापुरती परवानगी, लेखकाचं नाव जाहीर करावं, प्रत इतरांना देऊ नये." खाली तारीख, तुमची आणि अध्यक्षांची सही.