‘पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या गुहागरकरांना उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव न लिहिता ‘मूळ गुहागर, मुक्काम डोंबिवली’ एवढंच लिहिलंय, म्हणून गुहागरकरच म्हणतो. ‘दहा हजारांच्या आतला टचफोन कोकणात पुरतो का?’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: आईला गावी घेऊन दिलेला साडेआठ हजारांचा फोन दीड वर्षात ‘चार्जच होईना’ म्हणून बंद पडला, म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा तेवढ्याच पैशांत मुंबईत जुना पण वरच्या दर्जाचा फोन मिळतो, तो घ्यावा. म्हाताऱ्या माणसांना टच जमत नाही, त्यांना बटणाचाच बरा. आणि शेवटी, ‘तुमच्यासारखे लोक गावच्या माणसाला एवढंच पुरे म्हणून स्वस्तातला माल गळ्यात मारतात.’

हा शेवटचा टोमणा आधी घेतो, कारण तो झोंबला. स्वस्त फोन चांगला असतो असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. इथे तो परवडतो, एवढंच म्हटलंय, आणि परवडणं म्हणजे नुसती दुकानातली किंमत नव्हे. फोन खराब झाल्यावर एसटीनं तालुक्याला जाऊन तो त्याच दिवशी चालू करून परत आणता येतो का, हा इथला खरा हिशेब. तुमच्या डोंबिवलीला स्टेशनबाहेर दहा दुकानं असतात. आमच्याकडे सर्व्हिस सेंटर गाठायचं तर चिपळूण नाहीतर रत्नागिरी, आणि ‘पार्ट मागवलाय, पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं की दुसरा दिवसही गेला.

आता आईच्या फोनकडे येऊ. ‘चार्जच होईना’ हे वाक्य पावसाळ्यानंतर इथल्या प्रत्येक मोबाइलवाल्याला तोंडपाठ होतं. दापोलीच्या बाजारातल्या एका कारागिराशेजारी बसून मी हे काम बघितलंय. मागचं प्लॅस्टिकचं झाकण त्यानं पातळ पट्टीनं उचकटलं, बारीक स्क्रू काढून चुंबकाच्या ताटलीत ठेवले, आणि खालच्या कडेची छोटी हिरवी पट्टी भिंगाखाली धरली. चार्जरची पिन जिथे शिरते त्या तोंडात हिरवट पांढरा थर साचला होता. खारी दमट हवा, त्यात खिशातली धूळ. आणि अशा ओलीतच चार्जर लावला की संपर्काच्या इवल्याशा पट्ट्यांतून वीज खेळते, वरचा मुलामा उडतो आणि आतलं तांबं गंजत जातं. त्यानं ब्रशनं अल्कोहोल फिरवून पाहिलं, जमलं नाही, मग अख्खी पट्टीच बदलली. चहा येईपर्यंत फोन चार्जिंगला लागला होता. स्वस्तातल्या बऱ्याच फोनांत ही चार्जिंगची पट्टी मुख्य बोर्डापासून वेगळी असते आणि काही शेकड्यांत बदलून मिळते. तेव्हा आईचा फोन भंगारात दिला नसेल, तर आधी तो उघडून बघायला सांगा. मेला असं समजून कपाटात टाकलेले असे कितीतरी फोन नुसते उपाशी असतात.

महागड्या फोनांत तोंडात ओल आहे हे ओळखून चार्जिंग थांबवणारी सोय असते, हे तुमच्या बाजूनं मान्य. स्वस्तात ती सहसा नसते. म्हणून पावसात भिजून आल्यावर चार्जर लावायची घाई करू नये, एवढं आईला सांगून ठेवा. आणि भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा आपला राष्ट्रीय उपाय कृपा करून सोडा. तांदूळ आतली ओल फारशी ओढत नाही, उलट त्याची भुकटी तोंडात जाते. समुद्राच्या पाण्यात पडला असेल तर लगेच बंद करायचा, चार्जर जवळसुद्धा आणायचा नाही आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्यायचा.

आता तुमचा तो वापरलेला, वरच्या दर्जाचा फोन. चार-पाच वर्षांपूर्वी पन्नास-साठ हजारांना विकला गेलेला फोन आज नऊ हजारांत हातात आला की माणूस हरखतो, आणि हरखण्यासारखं त्यात आहेही. कॅमेरा सरस, पडदा सुरेख, वेग चांगला. पण तो गावी पाठवताना काय काय सोबत जातं तेही बघा. बॅटरी जुनी. पाठ काचेची आणि गोंदानं चिकटवलेली, म्हणजे उघडायला हीटर लागतो, आणि एकदा उघडली की पाण्यापासूनचं मूळचं संरक्षण गेलं. ‘आयपी ६८ आहे’, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा वरचा दर्जा आहे, असं तुम्ही ठासून लिहिलंय. ती चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नव्हे. शिवाय आतली रबरं आणि गोंद वर्षागणिक ढिले पडतात हे कंपन्या स्वतःच सांगतात. पडदा फुटला तर अॅमोलेडचा, म्हणजे महागड्या प्रकारच्या पडद्याचा, अस्सल कॉम्बो (पडदा आणि वरची टचची काच एकत्र) तुमच्या नऊ हजारांच्या वर जाऊ शकतो आणि तोही मागवावा लागतो. साध्या एलसीडीचा कॉम्बो दीड-दोन हजारांच्या आसपास बसतो आणि चालू मॉडेलचा असेल तर तालुक्याच्या दुकानात टांगलेला असतो.

नेटवर्कचाही एक मुद्दा आहे, जो शहरात जाणवत नाही. आपली वाडी डोंगराच्या कुशीत असते. तिथे कमी फ्रिक्वेन्सीचे पट्टे जास्त लांब पोचतात आणि भिंतीतून आतही येतात. सरकारनं २०२२ मध्ये केलेल्या लहरींच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा असाच पट्टा एकट्या जिओनं घेतला आणि त्यावर ५जी चालवलं. बीएसएनएलही आपल्या ४जीसाठी हाच पट्टा वापरते. पण काही वर्षांपूर्वीच्या पुष्कळ फोनांना, महागड्यांनाही, तो पकडता येत नाही. परदेशातून आलेला जुना माल असेल तर जास्तच सांभाळून. फोनच्या माहितीत ‘बी२८’ किंवा ‘एन२८’ (याच पट्ट्याची ४जी आणि ५जीतली नावं) लिहिलंय का ते बघा. नसेल आणि वाडीत दुसरा पट्टा नीट पोचत नसेल, तर पन्नास हजारांचा तो फोन अंगणातल्या पेरूखाली उभं राहून बोलण्यापुरताच.

म्हाताऱ्यांना टच जमत नाही, या तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, पण दोष वयाचा नाही. दापोलीजवळच्या हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी उभे राहा. गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन, बोटांना बर्फाचं आणि मासळीचं पाणी. एक मावशी पदराला बोट पुसते, पॅटर्न काढायला जाते, तेवढ्यात पिशवीवर थेंब पडतो आणि पडदा आपला आपणच सरकतो. ‘तू लाव रे, माझं बोट नाय घेत मेला,’ म्हणून ती फोन शेजारच्या पोराकडे देते. ती काही म्हातारी नाही आणि अडाणी तर मुळीच नाही. दर तिनं तोंडी केव्हाच ठरवलेला असतो. काचेखाली विजेच्या भाराची जाळी असते, बोट टेकलं की तिथला भार बदलतो, आणि खारं पाणी वीज वाहून नेत असल्यामुळे फोनला थेंबसुद्धा बोटच वाटतो. महाग फोनही यात फसतात, जरा कमी फसतात इतकंच. उलट कोयती-फावडं धरून राठ आणि कोरडं झालेलं बोट जाळीला नीट जाणवत नाही. आईचंही तेच होत असेल, तर वर लावलेली जाडी स्वस्त काच काढून बघा. बरेचदा दोष त्या काचेचा निघतो. (बंदरावर पैसे घ्यायला मात्र फोनला हातच लावावा लागत नाही. क्यूआर टांगलेला असतो आणि डबी ओरडून रक्कम सांगते.)

बटणाचा फोन वाईट नाही. नुसतं बोलायचं असेल तर तोच घ्या, चार दिवस चार्जिंग बघायला नको. मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आल्यानं साध्या फोनवरून पैसेही पाठवता येतात. पण सातबाऱ्यावर आंबा-काजूची नोंद करायची तर ई-पीक पाहणीचं अॅप लागतं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून हे काम शेतकऱ्याच्याच हातात दिलंय: बागेत उभं राहायचं, ठिकाण पकडू द्यायचं, फोटो काढायचा. ते बटणावर होत नाही. पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. ज्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत त्यांना हा मोठा आधार. आणि नातवाचं तोंड बघायला बटणाचा फोन काय कामाचा, हे डोंबिवलीकरांना मी सांगायला नको.

त्याच हयातीच्या दाखल्यात स्वस्त फोनची खरी मेख आहे, आणि ती तुमच्या नजरेतून निसटली. हा दाखला देणाऱ्या ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सेवेच्या सूचनांत ४ जीबी रॅम आणि ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा मागितलाय. सहा-सात हजारांतले २ आणि ३ जीबीचे फोन इथेच गळतात. वर खोक्यावर ‘८ जीबी’ असं ठळक छापून खाली मुंगीच्या अक्षरांत ‘४ + ४ व्हर्च्युअल’ लिहितात. ते दुसरे चार म्हणजे रॅम नव्हेच, साठवणीतलीच उसनी जागा, आणि स्वस्तातली ईएमएमसी साठवण मुळात मंद. ती भरत आली की फोन रखडायला लागतो. गावातले निम्मे ‘हँग होणारे’ फोन रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या आणि देवांच्या चित्रांनी भरलेले असतात. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रं-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. मेमरी कार्ड घालून हे फारसं सुटत नाही.

याहून वाईट म्हणजे जाहिराती. काही स्वस्त फोनांत कुलूपबंद पडद्यावरसुद्धा जाहिरात येते, आणि न मागितलेली अॅपं आधीपासून भरलेली असतात. फोन स्वस्त का, याचं थोडं उत्तर तिथे आहे. तरुण माणूस ती झटकून टाकतो. आईच्या वयाची माणसं ‘पाच मिनिटांत कर्ज’ या चौकोनावर बोट ठेवून मोकळी होतात, कारण फोनवर आलंय म्हणजे काहीतरी दाबायला हवं असा त्यांचा समज. स्वस्त फोनचा हा दोष मला चार्जिंगच्या तोंडापेक्षा शंभरपट मोठा वाटतो. गावी पाठवण्याआधी तासभर बसून सगळ्या सूचना बंद करा, नको ती अॅपं काढा. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हेही विचारून घ्या. दुकानदार हसेल, हसू दे.

उन्हात पडदा दिसत नाही, हे आहेच. खळ्यात आंबे भरताना सगळे तळहाताची सावली धरून फोन बघतात. रात्रीचे फोटो भुताटकीचे येतात. चार्जिंगला दोन-अडीच तास सहज. याची इथे कोणी फार तक्रार करत नाही, म्हणून मीही लांबवत नाही.

चार्ज व्हायला वेळ घेणारी तीच मोठी बॅटरी आणि कमी ठिपक्यांचा साधा पडदा मिळून फोन दोन दिवस ओढतो, ही मात्र जमेची बाजू. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टॉवरही पडले होते, त्यामुळे ज्याच्याकडे पाच हजार एमएएचची मोठी बॅटरी होती त्याचीही कुणाशी बोलाचाल होत नव्हती. पण रात्री टॉर्च होता, आणि एखाद्या टेकाडावर रेंज मिळेपर्यंत फोन जिवंत होता. जनरेटरवाल्याकडे रांगेत उभं राहून चार्ज करायच्या दिवसांत हे थोडं नव्हतं.

तेव्हा आईसाठी घ्यायचाच झाला, तर माझं म्हणणं असं: खरी ४ जीबी रॅम, ६४ ऐवजी १२८ जीबी साठवण, ‘२८’चा पट्टा, आणि तालुक्याच्या कारागिराला विचारून ज्याचे पार्ट त्याच्याकडे येतात तेच मॉडेल. यासाठी दहा हजारांची रेघ हजार-दीड हजारांनी ओलांडावी लागली तर ओलांडा. रंग आईला विचारा.

गणपतीला येताना फोन घेऊन येणार असाल, तर एक सांगतो. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास पाच हजारांच्या वर पैसे जात नाहीत. हरतालिकेच्या आदल्या दिवशी सिम बदलून आईला बाजारात पाठवू नका. दोन-चार दिवस आधी कुरिअरनं पाठवा, नाहीतर विसर्जन झाल्यावर निवांत बदला.