स्वखुशीने गुंडाळा, ट्रिब्युनलात उलगडा

कंपनी स्वखुशीने बंद करायची आणि तरीही एनसीएलटीची (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची) पायरी चढायची, ही दोन्ही पुण्यं एकदम पदरात पाडायची तर थोडी तयारी लागते. 2016 च्या दिवाळखोरी संहितेने कलम 59 मध्ये सज्जनांसाठी एक दिंडी दरवाजा ठेवला आहे. देणं थकवलेलं नसावं, आणि मालमत्ता विकून सगळ्यांचे पैसे पुरते फिटावेत, एवढंच. घेणेकरी (ज्यांचे पैसे कंपनीने द्यायचेत ते) नसतील तर 90 दिवसांत काम उरकायचं, असतील तर 270. इतकं निरस मरण तुमच्या कंपनीला शोभत नसेल, तर पुढे वाचा.

पाया प्रतिज्ञापत्रात घाला. बहुसंख्य संचालकांनी शपथेवर सांगायचं असतं की कारभाराची पूर्ण चौकशी केली, देणी फिटतील, कुणाला फसवायचा हेतू नाही. अकाउंटंटला फोन करून 'सगळं ठीक आहे ना?' विचारलं की झाली पूर्ण चौकशी. मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडावेच लागतात, ते जोडा. शेवटच्या पानांवरच्या बारीक टिपा मात्र वाचू नका. भगिनी कंपनीच्या कर्जाला तुम्ही दिलेली हमी तिथेच सुखाने नांदत असते. जीएसटीची नोटीस 'अपिलात आहे' म्हणून शून्य धरा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, तीही विसरा. कामगार विसरणार नाहीत, ती जबाबदारी त्यांनी उचललेली असते.

मालमत्तेच्या बाजूला मात्र हात सैल सोडा. भोसरीतला एमआयडीसीचा भूखंड शेजारच्या खासगी जमिनीच्या भावाने लावा. तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, विकायला महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं, हे घेणाऱ्याला कळेलच की. तीन वर्षं न आलेली उधारीही 'येणं' म्हणून शंभर टक्के दाखवा.

आता मंजुरी. प्रतिज्ञापत्रानंतर चार आठवड्यांत भागधारकांचा विशेष ठराव, आणि देणी असतील तर ठरावापासून सात दिवसांत दोन तृतीयांश घेणेकऱ्यांची संमती. इथे डोकी मोजत नाहीत, रक्कम मोजतात, हे आपल्या पथ्यावरच. समजा, धाकट्या भावाने कंपनीला 1 कोटी 40 लाख दिलेत. 70 लाख आधीच गुपचूप परत करा, 70 मतापुरते ठेवा. एकूण देणं 1 कोटी उरलं, तर भाऊ एकटा पुरतो. नातेवाइकाला झुकतं माप देणारे मागच्या दोन वर्षांतले व्यवहार उलटवता येतात (कलम 43), पण लिक्विडेटर (मालमत्ता विकून देणी फेडणारा) तुमच्याच ठरावाने नेमलेला, म्हणजे तुमचाच माणूस, अशी समजूत शेवटपर्यंत जपा.

हा तुमचा माणूस नेमणुकीपासून पाच दिवसांत वर्तमानपत्रात जाहिरात देतो. दावे लिक्विडेशन सुरू झाल्यापासून 30 दिवसांत यायचे असतात. मग हमीवाली बँक येते, कामगार येतात, करखातं येतं. जुन्या पुरवठादारांचे दावे दिवाणी कोर्टात चालूच राहतात, कारण ऐच्छिक लिक्विडेशनला कोर्टातले दावे रोखणाऱ्या स्थगितीचं छत्र नसतं. (बहुतेक संचालकांना हे समन्स हातात पडल्यावर कळतं.)

बेरीज जमेना, की तुमचा माणूस ऐच्छिक लिक्विडेशनच्या नियमावलीतला विनियम 40 उघडतो. पैसे पुरणार नाहीत किंवा कुणाला फसवण्याचा डाव आहे असं त्याचं मत झालं, तर प्रक्रिया थांबवायला न्यायाधिकरणाकडे अर्ज करणं त्याला भागच असतं. अभिनंदन, दिंडी दरवाजातून शिरून तुम्ही थेट दरबारात पोचलात. पुढचा आदेश आता त्यांचा. 1 कोटी किंवा त्याहून मोठी थकबाकी असेल तर बँकेला दिवाळखोरीचा अर्ज करायचा मोह होतो, आणि ती वाट संहितेच्या कलम 33 च्या सक्तीच्या लिक्विडेशनला जाऊन मिळते. न्यायाधिकरणाने कंपनी गुंडाळण्याची कारणं सांगणाऱ्या, कंपनी कायद्याच्या कलम 271 मधून 'देणी देता येत नाहीत' हे कारण संहितेने केव्हाच काढलं. फसवणुकीचं कारण मात्र शाबूत आहे, आणि तो अर्ज कंपनी निबंधकही करू शकतो.

मधल्या काळात मोल्डिंग मशीन भगिनी कंपनीच्या शेडमध्ये हलवलं असेल, तर संहितेचं कलम 68 वाचून ठेवा. मालमत्ता लपवली तर 3 ते 5 वर्षं कैद, किंवा 1 लाख ते 1 कोटी दंड, किंवा दोन्ही. 'आमच्या सीएंनी सांगितलं होतं' हे वाक्य त्या दिवसासाठी पाठ करा. प्रतिज्ञापत्रावर सीएंची सही नसते, ती तुमची असते.