वर नाव लिहायला लावून कसला बर्नआउट मोजता?

आज मधल्या सुट्टीत हातात एक कागद आला. शिक्षकांमधला बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने आतून पार थकून जाणं, मोजायचाय म्हणे. दहा प्रश्न, घंटा व्हायच्या आत भरून द्या. आणि पहिली ओळ कसली? शिक्षकाचे नाव.

माझ्या शेजारच्या बाईंनी मिनिटभरात सगळीकडे ‘कधीच नाही’वर खुणा केल्या आणि पुन्हा वह्यांचा गठ्ठा ओढला. याच बाई परवा मला म्हणाल्या होत्या, “मुलांची नावं विसरायला लागलेय गं. आणि त्याचं वाईटही वाटत नाही.” (त्यांना विचारूनच लिहितेय.) साहेबांच्या टेबलावर जाणाऱ्या कागदावर हे कोण लिहील? तुम्ही लिहाल?

बर्नआउट मोजण्यासाठी क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीत २२ प्रश्न आहेत. शिक्षकांसाठी तिची वेगळी आवृत्तीही आहे. ती तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजते: मनाने पिळून निघणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडं होत जाणं आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय असं वाटणं. आमच्या कागदावर मात्र सगळ्याची बेरीज करून एकच आकडा. आमच्या बाईंच्या वर्गाचा निकाल उत्तम लागतो, शिकवण्यावर त्यांचा अजून विश्वास आहे. कोरडेपणा आलाय तो मुलांबाबत. अगदी खरी उत्तरं दिली असती तरी त्या बेरजेत हे बुडालं असतं आणि बाई ‘ठीक’ ठरल्या असत्या.

छोटी प्रश्नावली वाईट असते असं नाही. २२ प्रश्न पुन्हा पुन्हा भरायला वेळ कुणाला आहे? मान्य. कागद आणणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल, हेही मान्य.

पण पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्याचा आकडा जास्त, त्याला ताण व्यवस्थापनाच्या व्याख्यानाला पाठवतात. तेही सुट्टीच्या दिवशी! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याचा परिणाम म्हटलं. मग श्वासाचे व्यायाम बाईंनी का करायचे? त्यांच्यावर रोज बदली तास टाकणाऱ्याला एक तरी प्रश्न विचारा की!

वाचता न येणाऱ्या एका मुलीला शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन, शेजारी बसून अक्षर अक्षर शिकवणाऱ्या बाई आहेत या. त्यांना पाट्या टाकणाऱ्या म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये. त्यांच्याकडे पाहिलं की मला फार भरून येतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी बोलणार आहे. नावाची ओळ काढा, कागद बंद पेटीत घ्या, तिन्ही गोष्टींचे आकडे वेगळे ठेवा आणि अख्ख्या शाळेचे म्हणून वाचा. शेजारी प्रत्येकाचे बदली तास आणि शिकवण्याबाहेरची कामंही लिहा. तुमच्या शाळेत हा कागद आला असेल तर त्यावर नाव मागितलं होतं का, तेवढं मला सोमवारच्या आत कळवा.