वैमानिकाचा हेडसेट आणि तीन शिट्ट्या

सकाळी सात ते नऊ या वेळात सात मेगाहर्ट्झवर पुण्या-बेळगावकडची हॅम मंडळी, म्हणजे हौसेने रेडिओवरून एकमेकांशी बोलणारे परवानाधारक, जमतात. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरात नेमक्या त्याच वेळी कुकर, मिक्सर, घंटागाडी आणि हिचा फोन असे चौघे जमतात. परवाना सरकारने मला दिलाय, पण ऐकू येते ती शेंगदाण्याची चटणी.

भाचा विमान चालवायला शिकला. त्याने नवा, बॅटरीवर गोंगाट मारणारा हेडसेट घेतला आणि जुना मला आणून दिला. "मामा, हा घातला की शेजारी इंजिन चालू असलं तरी काही वाटत नाही."

"आमच्याकडे एकच इंजिन आहे," ही आतून म्हणाली, "ते सकाळी नऊपर्यंत जागचं हलत नाही."

हेडसेटला दोन पिना. जाड पीन ६.३५ मिलीमीटरची, ऐकण्याची. ती माझ्या जुन्या रेडिओ सेटच्या भोकात अशी बसली, की मला वाटलं, निम्मं काम झालं. दुसरी माइकची, ५.२३ मिलीमीटरची. हा एक मिलीमीटरचा फरक ज्याने शोधला त्याला सांगलीतलं एकही दुकान माहीत नसावं. मंडपवाल्याच्या साउंड सिस्टिमचा माणूस ती पीन बोटांत फिरवत म्हणाला, "साहेब, ही घासलीय." मिरजेत, जिथे सतारी होतात, तिथल्या दुकानदाराने आपलं सॉकेट लावून पाहिलं. पीन आत लोंबकळली. "कुठल्या गिटारची?" त्याने विचारलं. विमानाची म्हटल्यावर त्याने शांतपणे ड्रॉवर बंद केला. शेवटी भाच्यानेच कुरिअरने सॉकेट पाठवलं.

जोडलं. बटण दाबलं, बोललो. पलीकडे शुकशुकाट.

मग कळलं, की विमानातला माइक जावयासारखा असतो: आधी मानपान, मग तोंड उघडणार. फार पूर्वी विमानात कोळशाच्या दाण्यांचे माइक असत. त्यांना बोलायला सतत वीज लागायची. आताच्या माइकमध्ये कोळसा नाही, आत छोटा अॅम्प्लिफायर आहे, पण जुन्या विमानांशी जुळावं म्हणून तेच नखरे ठेवलेत. ८ ते १६ व्होल्ट द्या, तेही रेझिस्टरमधून. मी सेटच्याच पॉवर सप्लायमधून दिले तर आवाजात भुंग्याची घरघर आली. मग नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर, आणि ती वीज सेटच्या पोटात जाऊ नये म्हणून एक कपॅसिटर, हे सगळं चितळ्यांच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवलं. डबा हिने फोडणीचं सामान ठेवायला राखून ठेवला होता, हे मला नंतर सांगण्यात आलं.

आता आवाज गेला. इतका गेला, की बेळगावचे ओएम (म्हणजे 'ओल्ड मॅन', हॅम मंडळी एकमेकांना असंच म्हणतात) म्हणाले, "डबड्यात तोंड घालून बोलताय का?" खरं तर डबडंच होतं. हेडसेटचा आवाज सेटला झेपेना. पोटेन्शिओमीटर टाकून तो उतरवला. मग बटण दाबलं की माझ्याच अँटेनाची लहर वायरीतून माइकमध्ये शिरून आवाज फाडू लागली. ती अडवायला वायरीवर फेराइटचे काळे मणी ओवले. ही म्हणाली, "त्याला घाला हो. माझं दोन वर्षं दुरुस्तीला पडलंय."

एक भ्रम मात्र फिटला. मिक्सरचा आवाज दोन वाटांनी येतो: एक हवेतून कानापर्यंत, दुसरा मोटरच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांतून थेट अँटेनात. हेडसेटने पहिली वाट बुजवली आणि दुसरीने चटणी कानाच्या पडद्याशी आणून ठेवली.

तरी एका सकाळी सगळं जुळलं. ही देवळात जाताना म्हणाली, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मी मान हलवली, कानांवर झाकणं ओढली आणि जग बंद झालं. पुणे, बेळगाव, कोल्हापूर, सगळे स्वच्छ. विमानात वैमानिकाला स्वतःचा आवाज कानात परत मिळतो. माझ्या सेटवर ती सोय नाही. स्वतःचंच ऐकू येईना म्हटल्यावर माणूस ओरडणारच. मी ओरडत होतो.

थोड्या वेळाने समोरच्या काकू दारात दिसल्या. त्यांचे ओठ हलत होते. मी हात वर करून "एक मिनिट" अशी खूण केली. त्या आत गेल्या, नाकाला पदर लावून बाहेर आल्या आणि फाटकाकडे बोट दाखवू लागल्या. फाटकातून ही येत होती.

तेवढ्यात बेळगावचे ओएम म्हणाले, "आज तुमच्याकडे एकदम शांतता! कुकर नाही, काही नाही. वहिनी माहेरी गेल्या वाटतं. ओव्हर."

उत्तर द्यायला मी बटण दाबलं. हिने एका हातात काळा ठिक्कर कुकर धरला होता. दुसऱ्या हाताने तिने माझ्या तोंडापुढचा माइक आपल्याकडे वळवला.

"अजून नाही," ती म्हणाली. "ओव्हर."