नापास ठरल्यानंतरचे दोन महिने

महाराष्ट्रात शिक्षक असलेल्या माझ्या आप्तांमध्ये एक वाद अजून धुमसतो आहे. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीसाठी राज्यांना वेगळा निर्णय घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती वापरली. ढकलपासमुळे अभ्यासाची शिस्तच गेली, असे काही जण म्हणतात. नापासाचा शिक्का बसलेले गरिबाघरचे मूल शाळेत परतत नाही, असे इतरांचे म्हणणे आहे. मला दोन्ही भीती खऱ्या वाटतात.

आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये सरकारी शाळांतल्या सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना शिक्षिका जवळ बसवून ४० शब्द वाचायला देतात. त्यांतले निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे पाठांतराच्या किंवा अंदाजाच्या जोरावर वाचता येत नाही. आजवर ३२ शब्दांची अपेक्षा राहिली आहे. माझी मुलगी तिथवर पोहोचली नाही. तिला त्याच वर्गात ठेवणार का, असे मी धास्तावून विचारले, तेव्हा शिक्षिकेला माझा प्रश्न क्षणभर कळलाच नाही. कोणत्या जोडध्वनींवर ती अडखळते, याची यादी त्यांच्यासमोर होती. रोज थोडा वेळ चार मुलांच्या गटात ती शिकेल आणि पुढच्या जूनमध्ये हीच चाचणी पुन्हा देईल, असे त्यांनी सांगितले. तिच्याकडून कमी अपेक्षा ठेवणार नाही, हे त्या ज्या मायेने म्हणाल्या, ती माया माझ्या शाळेत मला कडक शिक्षकांकडून क्वचितच मिळाली होती.

इथलेही सारे आलबेल नाही. सोळाव्या वर्षी इंग्रजी किंवा गणितात अपेक्षित श्रेणी न मिळालेल्यांना पुढच्या शिक्षणात तो विषय चालू ठेवावा लागतो आणि त्यांतले कितीतरी जण फेरपरीक्षेतही अडकतात. नुसता आग्रह तिथे पुरा पडत नाही.

आपल्या कायद्यात हा आधार मुळापासून लिहिलेला आहे, म्हणून मला अधिक वाईट वाटते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेनुसार जादा अध्यापन करावे, असे कलम २४ शिक्षकांना सांगते. वादात मात्र परीक्षेचीच चर्चा होते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अनुत्तीर्ण मुलाला जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यायची आहे. निकाल मेच्या सुरुवातीला लागतो आणि लगेच उन्हाळी सुट्टी सुरू होते. त्या सुट्टीत गावातल्या शाळेत कोण शिकवणार, त्याचा मोबदला कोण देणार, आणि वर्षभर अशैक्षणिक कामांनी दमलेल्या शिक्षकाला मूल नेमके कुठे अडते हे शोधायला वेळ कधी मिळणार, याची उत्तरे सरकारने निकालाआधी द्यायला हवीत.