लक्ष्मी शे भाऊ!

पेट्रोल शंभरीपार गेलं आणि डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं, तेव्हा देवपुरातून अवधानच्या एमआयडीसीत सायकलनं जायचं ठरवलं. "मे महिन्यात?" बायकोनं विचारलं. धुळ्यात मे महिन्यात माणूस उन्हात निघतो तो फक्त लग्नाला, आणि तेही पंगत बसायच्या बेताला. पण मी ठरवलं होतं.

नव्या सायकलची किंमत ऐकून दुकानातच घाम फुटला. मग कोणीतरी जुनी सायकल विकणाऱ्याचा पत्ता दिला. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे चुकायची सोय नाही. तरी चुकलो.

बावीस इंची अ‍ॅटलस. रंग पोपटी, इतका की अंधारातही कळावा. हँडलला पिशवी अडकवायचा दणकट आकडा. मालक साठीचे, डोक्याला रुमाल. "हाई सायकल नही शे भाऊ, लक्ष्मी शे," ते अहिराणीत म्हणाले. "रोज पैसा लई येये घर." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

रात्री मोबाईलवर वाचून गेलो होतो. पुढचं चाक उचलून फिरवलं. रिम आऊट होती, ब्रेकच्या गुट्ट्याला एका बाजूनं घासत होती. पॅडलचा दांडा आडवा हलवला, तर तो हलला. हलायला नको होता. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला तडा नव्हता, म्हणून समाधानानं मान हलवली. चेनकव्हर मात्र चाक फिरलं की 'खट्-खर्र, खट्-खर्र' करायचं.

"कंपनी बंद पडनी. आते अशी सायकल भेटाव नही."

घरी येऊन पाहिलं, तर अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडलेला. त्यांच्या बोलण्यातलं एवढंच शंभर टक्के खरं निघालं.

त्यांनी अडीच हजार सांगितले, मी चौदाशे म्हणालो. ते लगेच "ली जा" म्हणाले आणि दांड्यावरून हात फिरवू लागले. मला गलबलून आलं आणि मी आपणहून पंधराशे दिले. घासाघीस करून वर भाव वाढवणारा गिऱ्हाईक खान्देशात मीच पहिला असेन.

दुसऱ्या दिवशी निघालो. वारा समोरून. आमच्या जिल्ह्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. पांझरेच्या पुलावर दम लागला, पण लोक माझ्याकडे बघत होते, म्हणून छाती काढली. पानटपरीवाला टपरीतून अर्धा बाहेर आला. किराणावाल्यानं गल्ल्यावरून ताडकन उठून हाक मारली. सायकलस्वाराला एवढा मान? मी हात केला.

चौकात एका आजींनी कॅरिअर धरलं. सायकल थांबली, मी पुढे गेलो.

"मन्हा पैसा कवय भेटतीन?"

हळूहळू उलगडा झाला. सायकलचे मालक एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. रोज संध्याकाळी दुकानोदुकानी दहा-वीस रुपये गोळा करायचे. पुढे संस्था बुडाली. आमच्याकडे पतसंस्था बुडणं हे काही नवल नाही. एजंट गावात दिसेनासे झाले, ठेवीदारांच्या लक्षात राहिली ती ही पोपटी सायकल. लक्ष्मी रोज घरी येत होती हे खरंच होतं, फक्त ती आजींची होती.

"आजी, मी तो नाही."

"सायकल तीच शे ना?"

याला उत्तर नव्हतं. आजींनी पिशवीतून पासबुक काढून दाखवलं, शेवटची नोंद सव्वीसशे चाळीस. मी कामावर पाऊण तास उशिरा पोहोचलो.

त्या रविवारी सायकल काळी करून आणली. सोमवारी किराणावाला दुकानातूनच ओरडला, "रंग बदला तरी आवाज तोच शे!" मग मिस्त्रीकडे चेनकव्हर घट्ट करून घेतलं, बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या, ग्रीस भरलं. दोनशे ऐंशी रुपये गेले, पण सायकल लोण्यासारखी चालू लागली. मंगळवारी चौकातून सुळकन निघालो, तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला.

"आते गुपचूप येस का रे!"