काळजीवाहूंसाठी धोरण करताय? आधी चहा घ्या

अभिनंदन! तुम्हाला समितीवर घेतलंय म्हणे, घरी म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्यांसाठी धोरण आखायचंय. मी सहा वर्षं सासूबाईंचं करतेय, त्या ८१ च्या आहेत, पार्किन्सन आहे, गेली दोन वर्षं अंथरुणालाच खिळल्यात, आणि मला रात्री तीनला उठलं की परत झोप लागत नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. म्हणून हे फुकटचे सल्ले.

आधी नावाचं बघा. आपल्याकडे या कामाला शब्दच नाहीये, आपण नुसतं म्हणतो "ती सासूचं करते". काय करते ते कोणी विचारत नाही, विचारलं तर सांगावं लागेल आणि सांगितलं तर समोरच्याचा चहा थंड होईल. सरकारी शब्द आहे काळजीवाहू. तो ऐकला की लोकांना आधी काळजीवाहू सरकार आठवतं, आणि तसं बघितलं तर जुळतंय की, जबाबदारी सगळी आणि मोठा निर्णय एकही घ्यायचा नाही, फरक एवढाच की ते सरकार दोन-चार आठवड्यांत सुटतं.

योजनेचं नाव मात्र पुराणातलंच घ्या. श्रावणबाळ हे नाव आधीच एका योजनेला गेलंय, त्यात ६५ च्या पुढच्या गरीब म्हाताऱ्यांना महिन्याला १,५०० मिळतात, मिळायलाच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण गंमत बघा, नाव करणाऱ्याचं आणि त्याच्या हातात काही नाही. गोष्ट नीट आठवा. तो पाणी आणायला गेला होता, म्हणजे ऑन ड्युटी होता, आणि बाण राजाचा होता, म्हणजे शासकीय. भरपाई मिळाल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही.

दुसरा पुंडलिक. आईबापाचे पाय चेपतोय, देव दारात आला, ह्याने वीट भिरकावली आणि म्हणाला थांब जरा. अठ्ठावीस युगं झाली, देव कमरेवर हात ठेवून उभा आहे. मी आषाढीचा उपास न चुकता करते, त्यामुळे विठ्ठलाला माझं बोलणं चालतं, पण एवढ्या वेळात एकदा तरी म्हणायला काय झालं होतं की बाबा तू घटकाभर पड, मी चेपतो? बाहेरच्या देशांत याची सोय असते, करणाऱ्याला आठ-पंधरा दिवस मोकळं करतात आणि तेवढ्यापुरतं म्हाताऱ्या माणसाला दुसरीकडे नीट सांभाळतात. तुमच्या मसुद्यात हे चुकूनही घालू नका, खर्च येतो. कव्हरवर पुंडलिकाचं चित्र छापा, ते स्वस्त पडतं.

आकडे लागतील तुम्हाला, आकड्यांशिवाय समितीला चव नसते. केंद्राचा २०२४ चा टाइम यूज सर्व्हे घ्या, म्हणजे माणसांचा दिवस कशात किती जातो त्याची मोजणी. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या कुणाची तरी काळजी घेतात, दिवसाला सुमारे १४० मिनिटं, आणि पुरुषांपैकी २१.४ टक्के, ७४ मिनिटं, यात अर्थात पोरंसोरंही आली. या सर्व्हेत दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे खण पाडतात आणि त्यात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलं काम लिहितात. आता माझं बघा, सासूबाईंना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर टाचेला आणि माकडहाडाला जखम होते. त्याला मला चार मिनिटं लागतात, उशी टाचेखाली नीट बसली तर साडेतीन. म्हणजे दिवसातून बारा वेळा मी जे करते ते खणातच बसत नाही! फार छान पद्धत आहे, बदलू नका.

रजेचं काय करायचं? काहीच नाही, आहे तीच परत जाहीर करा. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बायकांना मुलांसाठी अख्ख्या नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आईवडिलांसाठी तसलं वेगळं काही नाही. २०२५ च्या जुलैत राज्यसभेत उत्तर दिलं गेलं की कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा असतेच, शिवाय २० अर्धपगारी, ८ किरकोळ आणि २ ऐच्छिक, ती कुठल्याही खाजगी कारणासाठी घेता येते, आईवडिलांसाठीपण. दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर "सरकारची मोठी भेट" म्हणून मेसेज फिरला आणि बंगलोरच्या दिरांनी त्यावर हात जोडलेला इमोजी टाकला. अशी घोषणा जमली पाहिजे. मी प्रायव्हेट शाळेत होते, तिथे पहिल्या महिन्यातच हेडमास्तर म्हणाले मॅडम किती दिवस असं चालणार, मग मीच राजीनामा दिला. हो, इन्कम टॅक्समध्ये आईबापाच्या औषधपाण्याची वजावट आहे, तीही ठेवा. ज्याचा पगार चालू आहे त्यालाच सवलत आणि जिने पगार सोडला तिला काही नाही, हिशोब सोपा राहतो.

कायदा हवाच, आणि तो शिक्षेचा हवा. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहेच, प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवर न्यायाधिकरण, मुलांकडून महिन्याला जास्तीत जास्त १०,००० पोटगी, आईबापाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. टाकणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्या कायद्यात मुलगा आहे, मुलगी आहे, नातू-नात आहे, सून नाही! मला वाटलं विसरले असतील. नाही, २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं तेव्हा आठवलं, त्यात सून-जावई दोघंही जबाबदारांच्या यादीत घातले आणि कैद सहा महिन्यांपर्यंत वाढवायचं ठरलं. ते काही पास झालं नाही. पण सरकारी कागदावर सुनेची दखल घेतली गेली ती ही अशी, तुम्ही हाच धागा पुढे न्या.

वस्तू वाटा, वस्तूंचा फोटो चांगला येतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना एकदाच ३,००० मिळतात, चष्मा, काठी, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा असलं घ्यायला. कमोड खुर्ची आली. त्या खुर्चीवर ५८ किलोचं माणूस उचलून कोण ठेवणार त्याची योजना अजून आलेली नाही, आणि माझ्या कंबरेला पट्टा हवा तर मला अजून तेरा वर्षं थांबायचंय. एसटीत ७५ च्या पुढे प्रवास फुकट, तेही मस्त, फक्त असं माणूस एकटं एसटीत चढत नाही हे कुणी तिकिटात धरलेलं नाही. सासूबाई हिंडत्या-फिरत्या होत्या तेव्हा दवाखान्यात न्यायचे, मला अर्धं तिकीट पडायचं, पण ते बाई म्हणून, सोबत म्हणून नाही.

अभ्यास दौरा जपानचा ठरवा. तिथे २००० पासून दीर्घकालीन काळजीचा विमा आहे, चाळिशीनंतर सगळ्यांनी हप्ता भरायचा, आणि घरच्या माणसाचं करायला ९३ दिवसांची रजा. परत आल्यावर "आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे" असं लिहून टाका. कुटुंबव्यवस्था म्हणजे मी. केरळला मात्र जाऊ नका, एकतर जवळ आहे आणि दुसरं म्हणजे तिथे आश्वासकिरणम नावाची योजना आहे, अंथरुणावरच्या पेशंटचं करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देतात. सहाशेत काय होतं म्हणाल तर डायपरचं एक पाकीट येतं आणि थोडे उरतात. पण ते करणाऱ्याच्या नावावर येतात हो! ही सवय लागली तर फार महागात पडेल.

आणि हयातीचा दाखला अजिबात सोपा करू नका, माझ्या वर्षातला तो एकच थरार आहे. सासऱ्यांच्या मागे सासूबाईंना फॅमिली पेन्शन आहे. अंगठा उमटत नाही, रेषा झिजल्यात. मग मोबाईलवर चेहऱ्याचं ॲप आलं, मला वाटलं सुटले. त्यांना उशांना टेकवून बसवलं, केस विंचरले, कपाळावर टिकली लावली कारण सगळ्या फोटोत टिकली आहे, आणि ॲप म्हणतं डोळे मिचकवा. पार्किन्सनमध्ये पापणी लवणंच कमी होतं. त्या एकटक बघतायत, ॲप वाट बघतंय, मी "आई मिटा ना डोळे" म्हणून विनवतेय, त्या आत कुठेतरी प्रयत्न करतायत ते मला दिसतंय पण ॲपला दिसत नाहीये. पाचव्यांदा मी चेहऱ्यावर हळूच फुंकर मारली. पापणी लवली. जिवंत ठरल्या! ही फुंकर कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, आणि शिकवली असती तरी वर्ग सकाळी दहा ते पाच असतो म्हणजे मी गेलेच नसते.

सगळ्यात शेवटी पुरस्कार ठेवा. आमच्या इथल्या एका मंडळाने मागच्या वर्षी मला आदर्श सून म्हणून निवडलं, कार्यक्रम रविवारी अकराला. त्या दिवशी आया आली नाही, बाराशे देते म्हटलं तरी नाही, आणि यांना डायपर बदलता येत नाही, म्हणजे शिकलेच नाहीत. मग हेच गेले पुरस्कार घ्यायला. सेवाभाव या विषयावर पंधरा मिनिटं बोलले, चांगलं बोलले म्हणे, व्हिडिओ आहे, मी निम्मा बघितला. सन्मानचिन्ह शोकेसमध्ये आहे. शाल जरा पातळच निघाली, पण चार घड्या करून टाचेखाली ठेवली की उशीसारखी सरकत नाही.